ओपीडीतल्या दोन मिनिटांचे काय करायचे?

प्रति,
सन्माननीय अध्यापक, मुंबई महापालिकेची वैद्यकीय महाविद्यालये,
आणि महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक, यांच्या अभ्यास मंडळांचे सदस्य

हे पत्र वाकोल्यातून लिहीत आहे. इथल्या माणसाचा दुखण्याखुपण्याचा रस्ता ठरलेला आहे: आधी गल्लीतला जनरल प्रॅक्टिशनर, मग वि. ना. देसाई रुग्णालय, आणि प्रकरण हाताबाहेर जाऊ लागले की कूपर, शीव किंवा केईएम. या रस्त्यावर कुठे कोणत्या तपासण्या होतात, कोणते यंत्र बंद पडले आहे, औषध आत मिळते की बाहेरून आणावे लागते, याची चर्चा वर्तमानपत्रांपासून निवडणुकीपर्यंत सगळीकडे होते. रुग्ण काय बोलला, डॉक्टरांनी त्यातले काय ऐकले, त्यांनी काय सांगितले आणि रुग्ण त्यातले काय घेऊन घरी गेला, याची चर्चा होत नाही. झालीच तर ती स्वभावाची होते. अमुक डॉक्टर बोलायला गोड, तमुक हुशार पण तोंड उघडत नाहीत, तिथली सिस्टर खेकसते. माझी तक्रार कोणाच्या खेकसण्याबद्दल नाही. शेकड्यांनी माणसे येतात त्या ओपीडीत कोणाचाही आवाज कधीतरी चढणारच. तक्रार आपल्याबद्दल आहे, कारण डॉक्टर आपण घडवता, आणि ही गोष्ट आपणही स्वभावावरच सोडून दिली आहे. रुग्णाशी बोलणे हा उपचाराचाच भाग आहे. तो चुकला तर अपाय होतो, तो शिकवता येतो, तपासता येतो आणि त्यासाठी माणसे नेमता येतात. माझे म्हणणे एवढेच आहे. बाकी पत्र त्याच्या पुराव्याचे आणि त्यावर आपण घ्याल त्या आक्षेपांचे.

क्षयरोगाचे उदाहरण घेतो, कारण मुंबईत ते कोणाला परके नाही. साध्या क्षयरोगाचा उपचार सहा महिन्यांचा: पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. २०१७पासून देशभर ही औषधे एकत्र केलेल्या गोळ्यांतून रोजच्या रोज दिली जातात. त्यातल्या रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी-तांबडी होते. घामाला आणि डोळ्यांतल्या पाण्यालाही रंग येतो. त्यात धोका काही नाही. पण ज्याला हे कोणी सांगितलेले नाही त्याला ते रक्त वाटते आणि गोळी तिथेच बंद होते. याच रिफाम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा राहत नाही, म्हणजे उपचार चालू असताना त्या घेणाऱ्या बाईला दुसरा उपाय सांगायला हवा. एथाम्ब्युटॉल घेताना नजर अंधूक झाली किंवा लाल-हिरव्यातला फरक कळेनासा झाला तर तडक परत यायला हवे. आयसोनियाझिडने हातापायांना मुंग्या येऊ शकतात आणि त्यावर साधा उपाय असतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, दोन महिन्यांत ताप जातो, खोकला थांबतो, अंग भरते. औषध सोडावेसे वाटण्याची वेळ नेमकी तीच, आणि तेव्हा सोडले तर पुढचा क्षयरोग नेहमीच्या औषधांना दाद न देणारा असू शकतो. ही पाच-सहा वाक्ये आहेत. सावकाश बोलली तरी दीड मिनिटाच्या वर जात नाहीत. केसपेपरवर यातले काही उतरत नाही. तिथे औषधाचे नाव असते, मात्रा असते आणि पुढे १-०-१ किंवा ‘बीडी’, ‘एसओएस’ अशी खूण असते. निदान बरोबर, औषध बरोबर, मात्रा बरोबर, आणि तरी उपचार फसला, तर दोष रुग्णाच्या नावावर लिहिला जातो. न बोललेल्या वाक्याची नोंद करायला कागदावर रकानाच नाही.

हे कोणा चळवळ्याचे म्हणणे नाही, आपल्याच ज्ञानशाखेतले आहे. लॉस एंजेलिसच्या मुलांच्या रुग्णालयात बार्बरा कॉर्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८०० भेटींचे ध्वनिमुद्रण करून १९६८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. तीन-चतुर्थांश आया भेटीवर समाधानी होत्या, आणि तरीही सुमारे पाव आयांनी आपल्याला सर्वांत जास्त सतावणारी काळजी डॉक्टरांपुढे काढलीच नव्हती. १९८४मध्ये बेकमन आणि फ्रँकेल यांनी ७४ भेटी ऐकल्या. डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत रुग्णाला मध्येच थांबवतात आणि चारातल्या एकाही रुग्णाला धडपणे आपले पहिले सांगणे पुरे करता येत नाही, असे त्यांना दिसले. २००९ साली झोल्निएरेक आणि डिमॅटेओ यांनी शंभरावर अभ्यास एकत्र करून पाहिले. डॉक्टरांचा संवाद कच्चा असेल तर रुग्णाने उपचार नीट न पाळण्याचा धोका १९ टक्क्यांनी वाढतो, असे त्यांना आढळले. दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१४मध्ये केली आणि सहकाऱ्यांनी फक्त १३ यादृच्छिक चाचण्या निवडून मोजणी केली, तेव्हा डॉक्टर-रुग्ण संबंध सुधारल्याचा प्रकृतीवरचा परिणाम खरा पण लहान निघाला. ‘लहान’ या शब्दावर काही जण खूश होतील. रक्तदाबाच्या किंवा कोलेस्टेरॉलच्या गोळीचा एकेका रुग्णामागचा फायदाही लहानच असतो; तरी ती गोळी आपण कोट्यवधी लोकांना देतो, कारण फायदा बेरजेत दिसतो. बोलण्याला वेगळी मोजपट्टी का लावायची, हे मला अजून कोणी पटवून दिलेले नाही.

आता आपला पहिला आक्षेप, आणि तो खोटा नाही: वेळ कुठे आहे? प्राथमिक उपचारांतल्या भेटीच्या कालावधीवर ६७ देशांतले अभ्यास गोळा करून २०१७ साली एक आढावा प्रसिद्ध झाला. स्वीडनमध्ये ही भेट साडेबावीस मिनिटांची, बांगलादेशात ४८ सेकंदांची. भारताचा आकडा दोन मिनिटांच्या आसपास. दोन मिनिटांत कॉर्श आणि बेकमन यांना काय करणार, असे आपण म्हणाल. पण याच प्रश्नावर स्वित्झर्लंडमधल्या बाझेलचा एक अभ्यास आहे. लांगेवित्स आणि सहकाऱ्यांनी तिथल्या डॉक्टरांना एवढेच सांगितले की रुग्ण आपणहून थांबेपर्यंत मध्ये बोलू नका, आणि गुपचूप घड्याळ लावले. ३३५ रुग्णांची सरासरी निघाली ९२ सेकंद, आणि दहातले जवळजवळ आठ रुग्ण दोन मिनिटांच्या आत आपणहून थांबले. म्हणजे रुग्णाला बोलू दिले की तो तासभर बोलतो, ही भीती पुराव्यावर उभी नाही. मात्र यावरून वाकोल्याचा हिशोब काढायला मी तयार नाही. बाझेलचा रुग्ण भेटीची वेळ घेऊन येतो. इथला पहाटे रांगेत उभा राहून, दिवसाची मजुरी बुडवून, चार महिन्यांचे साठलेले एकदाच सांगायला येतो. तो कदाचित ९२ सेकंदांत थांबणार नाही. कदाचित दडपणाने तीसातच थांबेल. हा प्रश्न मुंबईत मोजण्यासारखा आहे आणि त्याला लागते काय, तर एक घड्याळ आणि दोन पदव्युत्तर विद्यार्थी. दरवर्षी शेकडो प्रबंध लिहून घेणाऱ्या आपल्या विद्यापीठाला हा विषय अवघड जाऊ नये. आणि दोन मिनिटे हे वास्तव मानले, तर त्यातला प्रत्येक सेकंद कसा वापरायचा हे शिकवणे इथे स्वीडनपेक्षा जास्त निकडीचे ठरते. वेळ कमी म्हणून शस्त्रक्रियेआधी हात धुणे आपण सोडलेले नाही.

संशोधन कसे करावे याबद्दलही एक तक्रार आहे. रुग्णालयांत ‘रुग्ण समाधान सर्वेक्षण’ नावाचा एक फॉर्म फिरतो. तो त्याच रुग्णालयात, बहुधा तिथल्याच माणसाच्या हातून, ज्याला उद्या परत याच दारात यायचे आहे अशा माणसाकडून भरून घेतला जातो. उत्तर ‘चांगले आहे’ असेच येणार. कॉर्शच्या समाधानी आयांनी हे पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी दाखवून दिले: समाधान विचारले की समाधान सांगितले जाते. याहून चांगली पद्धत मुंबईतच वापरली गेली आहे. २०१४-१५मध्ये मुंबई आणि पाटण्यात क्षयरोगाची लक्षणे पाठ केलेली, प्रशिक्षण दिलेली माणसे रुग्ण बनून खासगी डॉक्टरांकडे गेली. २,६५२ भेटी झाल्या. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यातल्या केवळ ३५ टक्के भेटींत रुग्णाला योग्य वाट दाखवली गेली. धारावीत तर खासगी डॉक्टरांच्या टीबी-चिठ्ठ्यांचा अभ्यास एकदा १९९१मध्ये आणि पुन्हा २०१०मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या वेळी शंभरएक डॉक्टरांनी ८० वेगवेगळ्या पद्धतींनी औषधे लिहिली होती. दुसऱ्या वेळी १०६ डॉक्टरांनी ६३. म्हणजे डॉक्टर काय लिहितात हे या शहरात कसून तपासले गेले आहे. रुग्ण काय समजून घरी गेला, हे तितक्या कसोशीने तपासलेले माझ्या पाहण्यात नाही. ओपीडीच्या दारातून बाहेर पडणाऱ्या रुग्णाला त्रयस्थ माणसाने, रुग्णालयाच्या आवाराबाहेर, तीन प्रश्न विचारावेत: तुम्हाला काय झाले आहे? कोणते औषध कधी आणि किती दिवस? काय झाले तर लगेच परत यायचे? मग ती उत्तरे केसपेपरशी ताडून पाहावीत. जो आकडा येईल तो जाहीर करावा, कसाही आला तरी.

भाषेबद्दल थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण इथे आपण सर्वांत सहज हात झटकता. २०१९पासून एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाआधी १७५ तासांचा फाउंडेशन कोर्स आला. त्यात स्थानिक भाषा, इंग्रजी आणि संगणक या तिन्हींना मिळून ४० तास दिले गेले. पदव्युत्तर जागांपैकी निम्म्या अखिल भारतीय कोट्यातून भरतात, म्हणजे वॉर्डात रात्रंदिवस उभा असणारा रेसिडेंट तेलंगणाचा, राजस्थानचा किंवा केरळचा असू शकतो. त्यात काही गैर नाही. मुंबईला चांगले डॉक्टर कुठूनही यावेत. आणि रुग्णही एकभाषी नाही. वाकोल्याच्या एका रांगेत कोकणातली मराठी, भोजपुरी, दखनी वळणाची उर्दू, कानडी आणि कलिना-कोलेकल्याणच्या गावठाणातली ईस्ट इंडियन मराठी शेजारी शेजारी उभ्या असतात. त्यामुळे ‘सगळ्यांना मराठी आलीच पाहिजे’ एवढ्या घोषणेने हा प्रश्न सुटत नाही. प्रत्यक्षात तो सुटतो कसा? वॉर्डातल्या मावशी दुभाषी होतात, सफाई करता करता. किंवा मामा. किंवा शेजारच्या खाटेवरचा नातेवाईक, किंवा आईच्या पाळीचा प्रश्न डॉक्टरांना इंग्रजीत सांगणारा दहावीतला मुलगा. २००३ साली अमेरिकेत फ्लोरेस आणि सहकाऱ्यांनी दुभाष्याच्या १३ भेटी शब्दशः तपासल्या. त्यांत ३९६ चुका सापडल्या, प्रत्येक भेटीला सरासरी ३१. आणि ऐनवेळी पकडलेल्या माणसाच्या चुका रुग्णालयाने नेमलेल्या दुभाष्यांच्या चुकांपेक्षा रुग्णाला अपाय करू शकतील अशा जास्त होत्या. नेमलेले दुभाषीही चुकत होते, हेही त्यांनी लिहून ठेवले आहे. मावशींना मी दोष देत नाही. उलट, हे काम त्या करतातच, तर त्यांना त्याचे प्रशिक्षण द्यावे, शेकडाभर वैद्यकीय वाक्ये पक्की करून द्यावीत आणि कामाच्या तासांत ते काम म्हणून धरावे. आज ते उपकार म्हणून चालते, आणि उपकारात चूक झाली तर जबाबदार कोणी नसते.

‘हे सगळे परदेशात ठीक आहे, महापालिकेच्या रुग्णालयात नाही’ या आक्षेपाला उत्तर द्यायला मला फार लांब जावे लागत नाही. ‘सेहत’ ही १९९४पासून आरोग्यावर संशोधन करणारी संस्था आमच्याच वाकोल्यात आहे. तिने आणि मुंबई महापालिकेने मिळून २०००च्या सुमारास वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ हे केंद्र सुरू केले. घरात मार खाऊन आलेली बाई कॅज्युअल्टीत ‘पडले’ म्हणते. विष पोटात गेलेली ‘चुकून घेतले’ म्हणते, आणि तसेच कागदावर चढते. हाड जोडले जाते, पोट धुतले जाते, बाई घरी जाते आणि काही महिन्यांनी पुन्हा येते. ‘दिलासा’ने केले काय? परिचारिका आणि डॉक्टरांना खुणा ओळखायला शिकवले, नातेवाईक बाजूला करून प्रश्न कसा विचारायचा हे शिकवले, पुढे पाठवायला रुग्णालयातच एक खोली दिली आणि तिथे समुपदेशक नेमले. पुढे हा नमुना मुंबईतल्या इतर रुग्णालयांत आणि राज्याबाहेरही नेला गेला. या केंद्रातल्या मदतीबद्दल बरेच लिहिले गेले आहे. मला त्यातली प्रशासकीय बाजू जास्त मोलाची वाटते. गर्दी तीच होती, पगार तेच होते, इमारत तीच होती. बदलले ते एवढेच की बोलण्याला जागा, माणूस, पद्धत आणि नोंदवही मिळाली. डॉक्टरांचे मन मोठे व्हावे म्हणून कोणी वाट पाहत बसले नाही. याच संस्थेने वैद्यकीय शिक्षण व संशोधन संचालनालय आणि आपले विद्यापीठ यांच्यासह एमबीबीएसच्या पाच विषयांत स्त्री-पुरुष भेदाचा विचार कसा आणावा याचे पाठ तयार केले. मुंबईच्या आरोग्य केंद्रांत धर्मावरून वागणूक बदलते का, याचाही तिने अभ्यास केला. कोणाचे बोलणे लवकर कापले जाते, हा प्रश्न संवादाच्या संशोधनात सर्वांत आधी यायला हवा. बाई, मुसलमान, मजूर, म्हातारा. सेकंद मोजायचे तर ते असे वेगवेगळे मोजावेत.

तिसरा आक्षेप कुजबुजत्या आवाजात येतो: रुग्णाला सांगून कळते का? त्याचे शिक्षण किती? नातेवाइकाला सांगितले की पुरे. यावर सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी रुग्णालयातला मधुमेहावरचा अभ्यास वाचावा. शिलिंगर आणि सहकाऱ्यांनी तो २००३ साली प्रसिद्ध केला, आणि तिथले रुग्णही फारसे शिकलेले नव्हते. डॉक्टरांनी सांगितलेल्या दर आठ नव्या गोष्टींपैकी फक्त एकीच्या बाबतीत त्यांनी ‘काय कळले ते सांगा पाहू’ असे विचारून खात्री केली होती. ज्यांच्या बाबतीत केली होती त्यांच्या रक्तातली साखर जास्त आटोक्यात असण्याची शक्यता जास्त दिसली. अभ्यास लहान होता, त्यावरून फार मोठे दावे करू नयेत. पण सुशिक्षित रुग्णही ऐकलेले बरेचसे दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत विसरतो, हे स्मरणावरच्या अभ्यासांनी पुन्हा पुन्हा दाखवले आहे. शिक्षणाच्या नावावर हा दोष ढकलता येत नाही. शिवाय कायदा काय म्हणतो? समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८मध्ये स्पष्ट केले की उपचाराचे स्वरूप, धोके, पर्याय आणि उपचार न केल्यास काय होईल, हे सांगून मिळालेली संमतीच खरी; तपासणीला दिलेली संमती शस्त्रक्रियेला पुरत नाही. त्या प्रकरणातही संमती रुग्णाच्या आईकडून घेतली होती, रुग्ण स्वतः सज्ञान असताना. राज्याच्या २०२१च्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांनी रुग्ण हक्कांची सनद भिंतीवर लावायला सांगितली. ती लावली जाते की नाही हा वेगळा विषय. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री सगळ्यांत कनिष्ठ रेसिडेंट इंग्रजी छापील कागद पुढे करतो आणि ‘इथे सही करा’ म्हणतो, तेव्हा त्या सनदेचे काय होते, हे आपल्याला माहीत आहे.

आणि मग मारहाणीचा विषय येतो. तो टाळणे अप्रामाणिकपणा होईल. डॉक्टरांवर हात उचलणे हा गुन्हा आहे. राज्यात २०१०पासून त्यासाठी स्वतंत्र कायदा आहे आणि तो कडकपणे राबवला जावा. मार्च २०१७मध्ये धुळ्याच्या रुग्णालयातल्या हल्ल्यानंतर राज्यभरातले निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. मागणी सुरक्षा रक्षकांची होती आणि ती रास्त होती. संवाद सुधारा म्हणजे मार बसणार नाही, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे म्हणजे मार खाणाऱ्यावरच ठपका ठेवणे, आणि त्याला पुरावाही तोकडा आहे. अमेरिकेत लेव्हिन्सन यांनी १९९७ साली दावे न लागलेल्या आणि लागलेल्या डॉक्टरांच्या भेटींची तुलना केली. सामान्य डॉक्टरांमध्ये बोलण्याच्या पद्धतीत फरक दिसला, शल्यविशारदांमध्ये दिसला नाही. मला विचारायचे आहे ते वेगळेच. मध्यरात्री मृत्यूची बातमी बाहेर उभ्या जमावाला सांगायला कोण जातो? ज्याला ते कधी शिकवलेले नाही, जो चोवीस तास झोपलेला नाही आणि ज्याला रुग्णाच्या नातेवाइकांची भाषा धड येत नाही, तोच. वरिष्ठ घरी असतात. ही व्यवस्था निवासी डॉक्टरांवर जितका अन्याय करते तितका रुग्णांवरही करत नसेल. म्हणून या पत्रातल्या मागण्या त्यांच्याविरुद्ध वाचू नयेत.

आपण म्हणाल, अभ्यासक्रमात हे आले आहे की. आले आहे. २०१९च्या तुकडीपासून वृत्ती, नीतिमूल्ये आणि संवाद यांवरची २७ प्रकरणे, ज्याला आपण ‘एटकॉम’ म्हणता, चारही टप्प्यांत विभागून लावली आहेत, आणि ही पुढे टाकलेली खरी पावले आहेत. पण जी गोष्ट परीक्षेत प्रत्यक्ष करून दाखवावी लागते तीच विद्यार्थी शिकतो, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. सर्जरीच्या परीक्षेत गाठ तपासताना हात कुठे ठेवला हे परीक्षक बघतात. त्याच परीक्षकाने विद्यार्थ्याला रुग्णाशी त्याच्या भाषेत तीन मिनिटे बोलू द्यावे, मग रुग्णालाच विचारावे, ‘काय कळले?’ आणि त्या उत्तरावर गुण द्यावेत. लेखी उत्तरपत्रिकेत ‘सहानुभूतीचे महत्त्व’ यावर दीड पान लिहिता येणे ही वेगळी कला आहे. ती आम्हा मराठी लोकांना शाळेपासून येते.

तेव्हा मागण्या अशा. अंतिम वर्षाच्या प्रात्यक्षिकात रुग्णाशी बोलण्याला स्वतंत्र गुण असावेत आणि त्यात नापास होणे शक्य असावे. महापालिकेच्या प्रत्येक महाविद्यालयाने पुढच्या वर्षभरात एका ओपीडीत, एका वॉर्डात, वर सांगितलेली मोजणी करावी: रुग्ण किती वेळ बोलतो, कधी थांबवला जातो, कोण थांबवला जातो आणि बाहेर पडताना काय समजून जातो. क्षयरोग, मधुमेह, रक्तदाब, गर्भारपण आणि दमा या पाचांसाठी डॉक्टरांनी सांगायलाच हवीत अशी वाक्ये मराठीत, हिंदीत आणि उर्दूत ठरवावीत आणि केसपेपरवर त्यांच्यापुढे खूण करायचा चौकोन छापावा. डिस्चार्ज कार्डावर निदान इंग्रजीत असले तरी ‘काय झाले तर लगेच या’ हा भाग रुग्णाला वाचता येईल अशा भाषेतच असावा. दुभाष्याचे काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण आणि भत्ता मिळावा. देशातला पहिला वैद्यकीय समाजसेवक १९४६ साली याच शहरात, जे. जे. रुग्णालयात नेमला गेला होता. तेच पद आज देणग्यांची कागदपत्रे जुळवण्यात खर्ची पडते, ते रुग्ण आणि डॉक्टर यांच्यामधल्या बोलण्यासाठी पुन्हा वापरात यावे. आणि मृत्यूची बातमी देताना वरिष्ठ डॉक्टर हजर असावेत किंवा निदान फोनवर असावेत, असा लेखी नियम व्हावा. यातल्या कशालाही नवे यंत्र लागत नाही. काहींना थोडा पैसा लागेल, एकदोन गोष्टींना आपल्या परीक्षा विभागाची परवानगी.

खासगी रुग्णालयांबद्दल मी जवळजवळ काही लिहिले नाही, हे आपल्या लक्षात आले असेल. तिथे वेळ विकत मिळतो आणि बोलणेही. त्यातले किती रुग्णासाठी असते आणि किती बिलासाठी, हा वेगळ्या पत्राचा विषय आहे. पण तिथला डॉक्टरही कधीतरी आपल्याच वर्गात बसलेला असतो.

आपण उत्तर द्यावे ही विनंती. यातले काय करणार, काय करणार नाही आणि का करणार नाही, हे कळवावे. उत्तर मराठीत असावे, आणि त्याची एक प्रत प्रत्येक ओपीडीच्या दाराशी, रांगेतल्या माणसाला वाचता येईल अशी लावावी.

आपला नम्र,
वाकोल्याचा एक रहिवासी
सांताक्रूझ (पूर्व), मुंबई